वारा सगळ्यांच्या मोबाईलवर दिसतो, मग रायडर मागे पडतातच कसे?

"एवढी अ‍ॅप्स आहेत, कानात रेडिओ आहे, मागे गाडीत बसलेला मॅनेजर आहे. वारा कुठे लागणार हे मला इथे पुण्यात बसून दिसतंय. मग ही माणसं सापडतातच कशी?"

हा माझ्या रूममेटचा प्रश्न. मार्चमध्ये पॅरिस-नीस सुरू झाली की आमच्या फ्लॅटवर रात्रीच्या जेवणाला लॅपटॉप समोर असतो. तिकडे दुपार, इकडे वरण-भात. ही साधारण आठ दिवसांची शर्यत पॅरिसच्या आसपासच्या सपाट, उघड्या शेतांमधून सुरू होते आणि भूमध्य समुद्राकाठच्या नीसला संपते. 'सूर्याकडे जाणारी शर्यत' हे तिचं लाडकं नाव. पण पहिले दोन-तीन दिवस सूर्य कमी आणि वारा जास्त असतो. यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, आणि तेव्हापासून आमच्या मित्रांमध्ये सायकलिंग बघणारे एकदम वाढलेत. नवीन माणूस बघायला लागला की प्रश्नही नवीन येतात. आम्ही जुने लोक 'अरे, तो झोपला होता' म्हणून मोकळे व्हायचो. याला ते उत्तर पटेना.

खरं सांगायचं तर मलाही उत्तर नीट माहीत नव्हतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझी पहिली समजूत अशी, की ज्याच्याकडे चांगला डेटा तो जिंकतो. या प्रश्नामागे लागून मी गेल्या काही वर्षांतले वाऱ्याचे दिवस पुन्हा बघितले, एक छोटी स्क्रिप्टही लिहिली, आणि माझं मत बरंच बदललं.

आधी वारा नेमकं काय करतो ते

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते. म्हणून सगळे एकमेकांच्या मागे लपतात. त्या मोठ्या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या भागात असलेल्या माणसाला हवेचा विरोध एकट्या माणसाच्या फक्त ५ ते १० टक्के लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुम्ही जवळपास फुकट प्रवास करता. लोकलमध्ये गर्दीच तुम्हाला उभं धरून ठेवते ना, तसंच काहीसं.

हे सगळं वारा समोरून असेल किंवा नसेलच तेव्हाचं. आता वारा बाजूने आणा.

समजा सायकल ताशी ४५ ने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. आणि डावीकडून ताशी ३६ चा वारा आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. सायकलस्वाराला जाणवणारी हवा या दोन्हींची मिळून बनते. दहावीतला पायथागोरस काढला तर ती सेकंदाला १६ मीटर येते, आणि येते ती तिरकी, समोरच्या दिशेपासून जवळपास ३९ अंशांवरून. याचे दोन परिणाम होतात. एक, तोच वेग ठेवायला हवेविरुद्ध साधारण २८ टक्के जास्त जोर लागतो (हा माझा सरळसोट हिशोब आहे, प्रत्यक्षात शरीराच्या ठेवणीवर आणि चाकांवर आकडा बदलतो). दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. लपायची जागा आता पुढच्याच्या सरळ मागे राहत नाही, ती मागे आणि उजवीकडे सरकते.

हे मला आकड्यांआधी अंगाने कळलं होतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या आहेत, तिथे मी आणि एक मित्र सायकलवर गेलो होतो. मित्र पुढे, मी त्याच्या चाकामागे चिकटून, आणि तरी मला दम लागलेला. वैतागून मी जरा बाजूला सरकलो, इतका की माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आलं. आणि कानातला घोंगाट एकदम बंद झाला. एखाद्याने खिडकी लावावी तसा. पवनचक्क्या जिथे उभारतात तिथे सायकलवर जाऊ नये हा धडाही त्या दिवशी मिळाला, पण ते सोडा.

शर्यतीत हीच गोष्ट दीडशे माणसं एकदम करतात. सगळ्यात पुढचा रस्त्याच्या डाव्या कडेला जातो, दुसरा त्याच्या उजवीकडे थोडा मागे, तिसरा त्याच्याही उजवीकडे, अशी तिरकी रांग तयार होते. इंग्रजीत तिला एशलॉन म्हणतात. डच आणि स्पॅनिश भाषांत तिच्यासाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ चक्क हातपंखा. वरून हेलिकॉप्टरमधून बघितलं की ती उघडलेल्या पंख्यासारखीच दिसते, आणि टीव्हीवर फार सुंदर दिसते.

पण रस्ता संपतो. फ्रान्समधला गावाकडचा रस्ता सहा मीटर रुंद धरा. एका माणसाला आडवी अर्धा मीटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे त्या तिरक्या रांगेत दहा-बारा जण बसले. आळीपाळीने पुढे येणारी दुहेरी रांग केली तर अजून थोडे. धरून चालू, पंधरा. उरलेल्या एकशे पस्तीस जणांचं काय?

ते उजव्या कडेला एकामागे एक लांब ओळीत, रस्त्याच्या अगदी काठावर. सायकलिंगवाले याला 'गटर' म्हणतात, आणि मराठीत ऐकायला जसं वाटतं तसंच ते आहे. तिथे पुढच्याचा आडोसा जवळपास मिळत नाही. प्रत्येकजण पूर्ण वारा खातो, तोही २८ टक्के जादा. अशी ओळ काही मिनिटं टिकते. मग कोणाचे तरी पाय संपतात, त्याच्यापुढे पाच मीटर फट पडते, पाचाची पन्नास होते. आणि इथे खरी अन्यायाची गोष्ट अशी, की फट ज्याच्यापुढे पडली तो तुमच्यापुढे दहावा असू शकतो. तुमचे पाय ठणठणीत असतात, पण त्याच्या मागे असल्यामुळे तुम्हीही गेलात. आम्ही टीव्हीसमोर बसून 'झोपला होता' म्हणायचो, ते अशा कितीतरी जणांना.

आकडे बघायचेत?

२०१५ च्या टूर द फ्रान्सचा दुसरा दिवस. उट्रेख्टहून झीलंडच्या समुद्राकाठी. वारा, पाऊस, घोळक्याचे तुकडे. नैरो किंताना आणि विन्चेन्झो निबाली मागच्या तुकड्यात, १ मिनिट २८ सेकंद गमावले. तीन आठवडे, आल्प्स, पिरेनीज, सगळं झाल्यावर पॅरिसमध्ये किंताना ख्रिस फ्रूमच्या किती मागे होता? १ मिनिट १२ सेकंद. आता कोणी म्हणेल की तो दिवस वजा केला तर किंताना जिंकला असता. इतकं सोपं नसतं, पुढे असता तर फ्रूमही वेगळा खेळला असता. पण डोंगरांचा राजा मानला जाणारा माणूस समुद्रसपाटीवर टूर हरला, असं म्हटलं तर फारसं चुकत नाही.

याच्या उलट उदाहरण २०२० चं. मिलाऊ ते लावूर, सातवा दिवस. शेवटच्या टप्प्यात इनिओस संघाने बाजूच्या वाऱ्यात वेग वाढवला आणि तादेय पोगाचार मागे अडकला. १ मिनिट २१ सेकंद गेले. तरी शेवटी त्याने प्रिमोझ रोग्लिचला ५९ सेकंदांनी मागे टाकून टूर जिंकली. त्यामुळे पोगाचारचे फॅन म्हणतात की वाऱ्याने काही होत नाही, पाय असले की झालं. आमच्याकडेही असा एक आहे. त्याला मी २०१९ चा अल्बीचा दिवस दाखवतो. त्या दिवशी तिबो पिनो, रिची पोर्ट, याकोब फुग्लसांग आणि रिगोबेर्तो उरान, चौघांचे प्रत्येकी १ मिनिट ४० सेकंद गेले. दोन्ही वर्षी, अल्बी आणि लावूर, स्टेज जिंकणारा एकच माणूस, वाउट व्हान आर्ट. म्हणजे हे अगदी नशीबही नाही. काही जण कायम पुढच्या पंधरात सापडतात.

मला सगळ्यात आवडतो तो २०१३ चा तेरावा दिवस, तूरहून सेंत-आमाँ-माँत्राँ. टूरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या आलेहान्द्रो वाल्वेर्देचं चाक नेमकं वाऱ्याच्या भागात गेलं. चाक बदलून निघेपर्यंत पुढचे दिसेनासे झाले, आणि शेवटी जवळपास दहा मिनिटं गेली. मग साधारण तीस किलोमीटर राहिलेले असताना सॅक्सो-टिंकॉफ संघाने दुसरा घाव घातला. चौदा जणांचा गट सुटला, त्यात त्यांचे एकट्याचे सहा. पिवळी जर्सी घातलेला फ्रूम मागे राहिला, १ मिनिट ९ सेकंद गमावून. मार्क कॅव्हेंडिश त्या सुटणाऱ्या गटाचं शेपूट जेमतेम पकडू शकला, आणि स्टेज त्याने जिंकली. एक सेकंद उशीर झाला असता तर तोही मागच्यांबरोबर आला असता.

मग डेटा करतो काय?

आज संघांकडे काय नसतं! बरेच मोठे संघ व्हेलोव्ह्यूअर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात रस्त्याचं प्रत्येक वळण, चढ, गतिरोधक, रुंदी कुठे कमी होते, वारा कुठून येणार, हे नकाशावर दिसतं. स्ट्रीट व्ह्यू उघडून रस्त्याकडेला झाडं आहेत की उघडं शेत, हे बघता येतं. एक गाडी शर्यतीच्या पुढे जाऊन प्रत्यक्ष वारा बघून कळवते. २०२४ च्या टूरला व्हिस्मा संघाने तर 'कंट्रोल रूम' नावाची स्क्रीननी भरलेली व्हॅनच आणली होती.

यातलं निम्मं तुम्ही तुमच्या फोनवर करू शकता. विंडीसारखं अ‍ॅप घ्या, स्टेजचा मार्ग बघा, आणि प्रत्येक तुकड्यावर रस्त्याची दिशा आणि वाऱ्याची दिशा यातला कोन काढा. ९० अंशांच्या जवळपास आला, वारा ताशी तीसच्या वर आणि रस्ता उघडा, की लाल रंग द्या. एवढंच माझ्या स्क्रिप्टने केलं. सत्तर-ऐंशी ओळींचा कोड. मित्रांना बोलावून मोठ्या थाटात लावली. स्क्रिप्ट म्हणाली, पुढचे वीस किलोमीटर पाठीमागून वारा. टीव्हीवर रस्त्याकडेचे झेंडे रायडरांच्या तोंडाकडे फडफडत होते.

बग साधा होता आणि लाजिरवाणा. हवामानात 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. रस्त्याची दिशा मात्र आपण कुठे चाललो ती. एक 'कुठून', दुसरी 'कुठे'. १८० अंश वळवायला मी विसरलो होतो. गंमत म्हणजे बाजूच्या वाऱ्याचा लाल रंग या चुकीने बदलत नाही, नव्वदचा कोन उलटा केला तरी नव्वदच. त्यामुळे आधी तीन दिवस माझी स्क्रिप्ट 'बरोबर' येत होती आणि मी खूश होतो. तुम्ही असं काही लिहिणार असाल तर आधी समोरच्या वाऱ्यावर तपासा.

दुसरी मर्यादा बग नाही, ती डेटातच आहे. अंदाजात दिलेला वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलस्वाराचं डोकं दीड मीटरवर. मधे कुंपणाची झुडपं, मक्याचं शेत, गावातली घरं. शिवाय मॉडेल नकाशाचे चौकोन करून गणित मांडतं. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफच्या नेहमीच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, फ्रान्सच्या हवामान खात्याच्या आरोम मॉडेलचा १.३ किलोमीटरचा. पेलोटॉन फुटतं ते दोनशे मीटरच्या तुकड्यावर, जिथे झाडं संपून शेत उघडं पडतं. म्हणून तर अजूनही एक माणूस गाडी घेऊन पुढे पाठवावा लागतो. हे वाचून मला बरं वाटलं होतं, का ते विचारू नका.

पण या मर्यादा हे माझ्या रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर नाही. समजा अंदाज शंभर टक्के अचूक आला. ४२ व्या किलोमीटरला, चर्चपुढच्या उजव्या वळणानंतर वारा बाजूने लागणार, हे सगळ्यांना कळलं. मग काय होईल?

तत्काळ तिकीट काढलंय ना? एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, हे सगळ्या देशाला माहीत आहे. ते माहीत असल्यामुळे तुम्हाला तिकीट मिळतं का? सीटा तेवढ्याच राहतात. फक्त सगळे नऊ पन्नासला लॉगिन करून बसतात आणि दहाला सर्व्हर रडतो. तिरक्या रांगेत पंधरा सीटा आहेत. वीस-बावीस संघांचे मॅनेजर एकाच वेळी एकच नकाशा बघून एकाच वेळी रेडिओवर सांगतात, "पाच किलोमीटरनंतर वारा, पुढे या." दीडशे जण पुढे येतात. सगळे पुढे, असं भूमितीत नसतं.

म्हणजे माहितीने पंधराचे सोळा होत नाहीत. माहिती सगळ्यांकडे आली की मारामारी फक्त आधी सुरू होते. पूर्वी वळणावर व्हायची, आता वळणाच्या पाच-दहा किलोमीटर आधी होते, तीही घोळका पूर्ण वेगात असताना, कदाचित गावातल्या अरुंद गल्लीत.

ज्या दिवशी वारा आलाच नाही

याचा मला मिळालेला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे २०२२ च्या टूरचा दुसरा दिवस, डेन्मार्कमध्ये, रॉसकिल्ड ते न्यूबॉर्ग. शेवटाकडे ग्रेट बेल्ट पूल, समुद्रावरून १८ किलोमीटर. मार्ग जाहीर झाल्यापासून फॅन मंडळींच्या तोंडाला पाणी सुटलेलं. पुलावर वारा, पुलावर चिरफाड, पहिल्याच आठवड्यात टूरचा निकाल, असं सगळं ठरलेलं. प्रत्येक संघाने त्या पुलाचा अभ्यास केला होता.

त्या दिवशी वारा समोरून आला. समोरून वारा असला की कोणी पुढे जाऊन फायदा नसतो, सगळे गुपचूप एकमेकांमागे बसतात. पेलोटॉन अखंड राहिलं, स्प्रिंट झाली, फाबिओ याकोबसेन जिंकला. पण त्या पुलावर पिवळी जर्सी घातलेला इव लाम्पार्ट पडला. उरान पडला. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आणखी एक मोठा अपघात झाला. हे सगळं वाऱ्याच्या भीतीनेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, टूरच्या पहिल्या दिवसांत तशीही धाकधूक असते. पण बाजूचा वारा नव्हता, चिरफाड नव्हती, आणि तरी माणसं जमिनीवर होती. सगळ्यांना पुलाच्या तोंडाशी पुढच्या ओळीत यायचं होतं, हे टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं.

म्हणून 'अजून चांगलं अ‍ॅप द्या, म्हणजे सुरक्षित होईल' हा युक्तिवाद मला आता पटत नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याचं पोट अ‍ॅप बनवण्यावर चालतं.

मग रेडिओ काढून टाकावेत का? फॅन लोकांचा हा आवडता वाद. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये रेडिओ नसतात. बाजू घेणारे म्हणतात, रेडिओ नसला की सगळ्यांना एकदम हाक जाणार नाही, ज्याला स्वतःला वारा वाचता येतो तो पुढे येईल. पण २०१६ ची दोह्याची जागतिक शर्यत आठवा. वाळवंट, रेडिओ नाही, तरी घोळका वाऱ्यात असा फुटला की अनेक स्प्रिंटर मागेच राहिले. शेवटी पीटर सागान, कॅव्हेंडिश, टॉम बूनन असा क्रम लागला. तेव्हा रेडिओ नसल्याने शर्यत शांत होते असं नाही. माझा अंदाज एवढाच, की रेडिओ नसेल तर पुढे यायची घाई सगळ्यांना त्याच सेकंदाला होणार नाही. आमच्या क्षेत्रात एकाच वेळी हजार रिक्वेस्ट आल्या तर आपण त्या मुद्दाम थोड्या मागेपुढे करतो, सर्व्हर वाचतो. पण सायकलवरची माणसं रिक्वेस्ट नाहीत, आणि पुढे खड्डा किंवा पडलेली माणसं आहेत हेही रेडिओवरच कळतं. त्यामुळे या मुद्द्यावर मी कुंपणावर आहे, आणि तिथेच बरा आहे.

चाकांचा नवीन नियम मात्र मला फारसा दमदार वाटत नाही. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत रिमची उंची जास्तीत जास्त ६५ मिलिमीटर ठेवली आहे. उंच रिम म्हणजे बाजूच्या वाऱ्याला मोठं शीड. पुढचं चाक झटक्यात वळतं आणि शेजारी अर्ध्या मीटरवर दुसरा माणूस असतो. हेतू चांगला आहे. पण वाऱ्याच्या दिवशी शहाणे रायडर तसेही कमी उंचीची चाकं लावतात. नियमाने शीड लहान केलं, पंधरा जागा तेवढ्याच ठेवल्या.

वाऱ्याचे दिवस रद्दच करा, असं म्हणणारेही भेटतात. यूसीआयच्या खराब हवामानाच्या नियमावलीत जोरदार वारा आहेच, गरज पडली तर मार्ग बदलता येतो. २०१६ मध्ये ते केलं. माँ व्हाँतूच्या माथ्यावर ताशी शंभरच्या वर वारा म्हणून शेवट सहा किलोमीटर खाली, शाले रेनार्डला आणला. निर्णय बरोबरच होता, त्या माथ्यावर माणूस उभा राहू शकत नव्हता. पण वर पसरणारी गर्दी खालच्या रस्त्यावर दाटली. एक मोटरसायकल अडून थांबली, पोर्ट, फ्रूम आणि बाउके मॉलेमा तिच्यावर आदळले, फ्रूमची सायकल मोडली आणि पिवळ्या जर्सीतला माणूस सायकलच्या बुटांनी डोंगर चढत पळत सुटला. ते दृश्य तुम्ही सायकलिंग न बघताही पाहिलं असेल, मीम म्हणून. वाऱ्यापासून वाचवायला गेलो आणि पुन्हा तेच झालं, जागा कमी आणि माणसं जास्त.

ताशी शंभरचा वारा आणि ताशी पस्तीसचा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र वाद घालताना लक्षात ठेवायला हवं. पहिला धोका आहे. दुसरा डोंगरासारखा, दगडी रस्त्यासारखा शर्यतीचा भाग आहे, आणि तो काढला तर सपाट दिवस बघायचे कशाला? कतारची शर्यत तर डोंगर नसताना निव्वळ वाऱ्यावर चालायची, बूनन ती चार वेळा जिंकला. मला वाटतं आयोजकांनी वारा टाळू नये. वाऱ्याच्या वळणाआधीचे पाच किलोमीटर नीट निवडावेत, कारण मारामारी आता तिथे होते. तिथे रस्ता रुंद ठेवा, मधले दुभाजक आणि गोल चौक टाळा. वाऱ्याचा नकाशा त्यांच्याकडेही आहेच की.

स्क्रिप्ट मी दुरुस्त केली. आता ती लाल पट्टा दाखवते आणि त्याआधीचे पाच किलोमीटर नारिंगी करते. परवा रूममेट नारिंगी सुरू होताच ताट बाजूला ठेवून स्क्रीनजवळ गेला आणि पुढच्या ओळीतली हेल्मेटं मोजायला लागला. लाल पट्टा यायला अजून सहा मिनिटं होती. पंधरापर्यंत मोजून म्हणाला, "याच्या मागचे सगळे आता नुसते आशेवर आहेत."

मी म्हटलं, "वेटिंग लिस्ट."

"पण आरएसी तरी असेल ना?"

असते, थोडीशी. दुसरी तिरकी रांग लगेच बांधली तर.